मोटारींतील पिवळा दिवा

शेतकीच्या मासिकांत मोटारीच्या दिव्यावर लेख कशाला, असें कांहीं वाचकांच्या मनांत येईल. परंतु आपल्या सभासदांपैकीं ज्यांच्या दारांत पिक-अप, जीप किंवा घरची मोटार उभी नाहीं असे आतां थोडेच निघतील. टोमॅटो नारायणगांवास, कांदा लासलगांवास, दूध संकलन-केंद्रावर आणि दुखणाइतास तालुक्याच्या दवाखान्यांत नेणारी हीच गाडी. तिचा खोळंबा झाला म्हणजे शेताचाहि खोळंबा होतो. बैलाचें दुखणें त्याच्या डोळ्यांवरून व रवंथावरून जाणत्या धन्यास कळतें. आतांच्या मोटारीस आपलें दुखणें सांगण्याचें मुख्य साधन म्हणजे चालकासमोरच्या फळीवर उजळणारें, इंजिनाच्या आकाराचें पिवळें चिन्ह होय. मिस्त्री त्यास ‘चेक इंजिन’ म्हणतात. तें लागलें म्हणजे कांहीं लोक घाबरून भरली गाडी वाटेंतच सोडून देतात, तर कांहीं त्यावर चिकटपट्टी लावून वर्ष वर्ष गाडी हांकतात. दोन्ही प्रकारांत पैसा जातो.

हा दिवा मुळांत आला कोठून हें पाहूं गेल्यास आपल्या धंद्याशीं त्याचा एक अनपेक्षित संबंध लागतो. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत लॉस एंजलिस शहरावर १९४० नंतरच्या दशकांत डोळ्यांस झोंबणारें धुरकें पसरूं लागलें. १९४४ च्या सुमारास शहराभोंवतालच्या मळ्यांतून पालक, सॅलडचा पाला, लसूणघास ह्यांच्या पानांवर चंदेरी व तांबूस चट्टे उठूं लागले. रोग म्हणावा तर जंतु सांपडेना, कीड म्हणावी तर किडा दिसेना. आरी हागेन-स्मिट ह्या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञांनीं, जे तोंवर अननसाच्या स्वादाचें पृथक्करण करीत होते, पुढें प्रयोगानें दाखवून दिलें कीं, मोटारी व तेलाचे कारखाने यांतून निघणारी न जळलेल्या इंधनाची वाफ आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें यांवर ऊन पडलें म्हणजे ओझोन तयार होतो, आणि पानें करपविणारें विष त्याच घडामोडींतून निपजतें. १९६८ सालीं हेच गृहस्थ त्या प्रांताच्या हवा-मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. मंडळानें मोटारींच्या धुरावर एकामागून एक निर्बंध घातले आणि १९८८ च्या मोटारींपासून असा नियम केला कीं, धूर आवरणारी यंत्रणा बिघडल्यास मोटारीनेंच तें ओळखावें व दिवा लावून मालकास सांगावें. १९९६ पासून ही पद्धति साऱ्या अमेरिकेंत एकाच नमुन्याची झाली. आपल्याकडे भारत स्टेज चारच्या नियमांबरोबर तिची पहिली पायरी १ एप्रिल २०१० पासून व दुसरी १ एप्रिल २०१३ पासून आली. आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नियमांनीं हा पहारा पुष्कळच कडक केला. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून नवे धूर-नियम लागले, तेव्हांपासून मोठ्या ट्रॅक्टरांच्या इंजिनांतहि संगणक आला व त्यामागोमाग असाच दिवा आला.

हा इतिहास सांगण्याचें कारण, दिव्याचा हेतु त्यावरून कळतो. हा दिवा प्रथमतः धुराचा पहारेकरी आहे. इंजिनांतील तेल संपलें, पाणी तापलें, बॅटरी भरत नाहीं, ह्या गोष्टी सांगणें हें त्याचें काम नव्हे; त्यांचे लाल दिवे निराळे आहेत. तेलाच्या किटलीचें लाल चिन्ह किंवा पाणी तापल्याचें लाल चिन्ह चालत्या गाडींत दिसलें तर गाडी तत्काळ बाजूस घेऊन इंजिन बंद करावें, तेथें एका किलोमीटरचीहि सवलत नाहीं. पिवळ्या दिव्याची गोष्ट तशी नाहीं. त्याचें म्हणणें एवढेंच असतें कीं कांहींतरी मापाबाहेर गेलें आहे, तें पाहून घ्या.

मापाबाहेर म्हणजे काय, हें थोडक्यांत समजून घेतलें पाहिजे. एक किलोग्रॅम पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १४.७ किलोग्रॅम हवा लागते. हें प्रमाण राखण्यासाठीं धुराच्या नळींत एक ऑक्सिजन सेन्सर बसविलेला असतो. धुरांत प्राणवायु किती उरला ह्याची वर्दी तो संगणकास क्षणोक्षणीं देतो, आणि संगणक इंधनाचा फवारा कमीजास्त करतो. नळींत पुढें कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नांवाचा डबा असतो. त्याच्या आंत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असून तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम ह्या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो, आणि धुरांतील विषारी वायु तेथें निरुपद्रवी होतात. डब्याचें काम नीट चालतें कीं नाहीं हें पाहण्यास त्याच्या पलीकडे दुसरा सेन्सर असतो. संगणक हीं सर्व मापें ताडून पाहतो. फवारा वाढवून वाढवून मर्यादा संपली, किंवा एखाद्या सेन्सरची तारच तुटली, तर तो दोषाचा एक अंक आपल्या स्मृतींत लिहून ठेवतो. बहुतेक दोषांच्या बाबतींत तो एका फेरीवर विश्वासत नाहीं. दुसऱ्या फेरींत तोच दोष पुन्हा दिसला म्हणजे मग दिवा लावतो. पुढें सामान्यतः लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष न दिसल्यास दिवा आपोआप विझतो, परंतु अंक स्मृतींत राहतो. इंजिन थंडावस्थेंतून चाळीसेक वेळां निर्दोष तापल्यावर तोहि पुसला जातो. म्हणून विझलेला दिवा म्हणजे बरा झालेला रोग असें समजूं नये. पावसाळ्यांत लागून ऊन पडतांच विझणारा दिवा तर हमखास एखाद्या जोडणींत ओल शिरल्याचें सांगत असतो.

ह्या बाबतींत ऊस पिकविणाऱ्यांनीं एक गोष्ट जाणून ठेवावी. ईथेनॉल जळण्यास पेट्रोलपेक्षां हवा कमी, म्हणजे किलोग्रॅमास सुमारें ९ किलोग्रॅमच, लागते. त्यामुळें २० टक्के ईथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलावर संगणकास फवारा थोडा वाढवावा लागतो. हें मिश्रण २०२३ पासून टप्प्याटप्प्यानें पंपांवर आलें. त्यासाठींच बांधलेल्या गाडीस त्याचें कांहीं वाटत नाहीं. परंतु जुन्या गाडीचा इंधन-पंप किंवा जाळी आधींच थकलेली असेल, तर एवढी वाढहि तिला झेपत नाहीं व दिवा लागूं शकतो. ऊस आपलाच असल्यामुळें पेट्रोलास दोष देण्यापूर्वीं जाळी बदलून पाहावी हें बरें.

आतां रस्त्यावर दिवा लागल्यास काय करावें. दिवा स्थिर आहे कीं लुकलुकतो आहे, हें प्रथम पाहावें. ह्या भेदावर सर्व कांहीं अवलंबून आहे. पेट्रोल किंवा सी.एन.जी. गाडींत दिवा लुकलुकत असेल व इंजिन थरथरत असेल, तर एखाद्या सिलिंडरांत ठिणगी पडत नाहीं, आणि तेथलें कोरें इंधन तसेंच धुराच्या नळींत जाऊन कन्व्हर्टरच्या तापल्या जाळींत जळत आहे असें समजावें. त्या उष्णतेनें जाळी वितळून बसते. जो दोष एका स्पार्क प्लगाच्या किंवा कॉइलच्या किंमतींत मिटला असता, तोच वीस-पंचवीस किलोमीटरच्या हट्टानें सबंध डब्याच्या किंमतीवर जातो. म्हणून लुकलुकता दिवा दिसतांच पाय हलका करावा, चढावर जोर लावूं नये, आणि लुकलुकणें थांबत नसेल तर सोयीच्या जागीं गाडी उभी करून माल दुसऱ्या गाडींत चढवावा. बाजार चुकेल ही भीति खरी आहे. पण भाडोत्री टेंपोचें एका खेपेचें भाडें व नवा कन्व्हर्टर यांची तुलनाच होत नाहीं. दिवा स्थिर असेल, गाडीची ओढ नेहमींसारखी असेल, लाल दिवा एकहि नसेल, तर बाजार करून घरीं यावें आणि दोन-चार दिवसांत अंक वाचून घ्यावा. गाडी एका ठराविक वेगापुढें जाईना, असें झालें तर संगणकानेंच इंजिनास जपण्यासाठीं लगाम घातलेला असतो. अशा वेळीं हळूहळू जवळच्या मिस्त्रीकडे जावें.

अमेरिकन पुस्तकांतून ह्या दिव्यावर पहिला उपाय म्हणून इंधनाच्या टाकीचें टोपण घट्ट करावयास सांगतात. तेथील नियमांत टाकींतून वाफ गळते कीं नाहीं हें तपासण्याची सक्ति असल्यामुळें तेथें तो उपदेश योग्य आहे. आपले नियम युरोपच्या धर्तीवर बेतलेले आहेत, आणि आपल्याकडील बहुतेक गाड्यांत सैल टोपणानें हा दिवा लागत नाहीं. टोपण घट्ट असावें हें ठीकच. परंतु तेवढें करून स्वस्थ बसूं नये.

अंक वाचण्याची जागा चालकाच्या गुडघ्यावर, फळीच्या खालच्या बाजूस असते. तेथें सोळा खिळ्यांचें एक बोंडूक असतें, त्यांत वाचक-यंत्र खोंवून मोबाइलवर अंक पाहतां येतो. साधीं यंत्रें कांहीं शेंकड्यांपासून एक-दोन हजार रुपयांपर्यंत मिळतात. तीं कंपनीचे खास अंक वाचीत नाहींत, पण सर्वमान्य अंकांस पुरतात. आपल्या सोसायटीनें जसा फवारणीचा पंप सभासदांसाठीं ठेवला, तसें एक चांगलें यंत्र कचेरींत ठेवावें अशी सूचना मी येथें करतों. अंकाची रचना सोपी आहे. ‘पी ०३०१’ घ्या. ‘पी’ म्हणजे इंजिन व गिअरची बाजू. शून्य म्हणजे सर्व कंपन्यांस समान असा अंक. तीन म्हणजे ठिणगीचें खातें. आणि शेवटचा ०१ म्हणजे पहिला सिलिंडर. ‘पी ०१७१’ म्हणजे हवेच्या मानानें इंधन कमी पडतें. ‘पी ०४२०’ म्हणजे कन्व्हर्टरचें काम मापापेक्षां उणें.

येथेंच बहुतेकांची फसगत होते. अंक हें लक्षण आहे, निदान नव्हे. कपाशीचें पान पिवळें पडलें म्हणून कोणी लगेच युरियाची गोणी फोडीत नाहीं. पाणी साचलें आहे काय, मूळ कुजलें आहे काय, रस शोषणारी कीड आहे काय, हें आपण आधीं पाहतों. मोटारीच्या बाबतींत मात्र ‘ऑक्सिजन सेन्सर’ असें शब्द पडद्यावर दिसले कीं सेन्सर बदलला जातो, कांहीं हजार रुपये जातात, आणि आठवड्यानें दिवा पुन्हा लागतो. इंधन कमी पडतें ह्या एका अंकामागें हवेच्या जाळीपुढील फाटलेली रबरी नळी, धुळीनें माखलेला हवा मोजणारा सेन्सर, थकलेला इंधन-पंप, तुंबलेला फवारा, ह्यांपैकीं कांहींहि असूं शकतें. आणि ऑक्सिजन सेन्सर बिचारा खरें तेंच सांगत असतो. मळणीच्या हंगामांत खळ्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीची हवेची जाळी शहरांतील गाडीच्या मानानें फार लवकर भरते, हें तर आपणांस सांगावयास नकोच. म्हणून मिस्त्री एखादा भाग बदलावयास सांगेल तेव्हां, ‘हाच भाग गेला हें कशावरून ठरविलेंत?’ असें नम्रपणें परंतु अवश्य विचारावें. चांगल्या मिस्त्रीस ह्या प्रश्नाचा राग येत नाहीं. पारख करण्याच्या कित्येक युक्त्या फुकट असतात. पहिल्या सिलिंडराचा अंक आला असेल, आणि प्रत्येक सिलिंडरास वेगळें कॉइल असेल, तर पहिल्याचें कॉइल दुसऱ्यावर व दुसऱ्याचें पहिल्यावर बसवून गाडी चालवावी. आतां अंक ‘पी ०३०२’ असा बदलला तर कॉइलच दोषी. ‘पी ०३०१’ तसाच राहिला तर प्लग किंवा फवारा पाहावा.

बॅटरीची तार काढून पुन्हा लावणें हा खेड्यांतील आवडता इलाज आहे. त्यानें दिवा विझतो खरा. परंतु दोष घडला त्या क्षणीं इंजिनाची गति किती होती, पाण्याची उष्णता किती होती, ही संगणकानें जपून ठेवलेली नोंदहि पुसली जाते. पंचनामा होण्यापूर्वींच जागा सारवून टाकावी तसा हा प्रकार आहे.

आपल्या परिसरांतील दोन-तीन कारणांचा विशेष विचार केला पाहिजे. पहिलें उंदीर. धान्याच्या कोठाराजवळ किंवा कडब्याच्या गंजीशेजारीं गाडी चार दिवस उभी राहिली कीं इंजिनाच्या उबेस उंदीर येतात व तारा कुरतडतात. तंबाखू, कापूर, डांबराच्या गोळ्या हे उपाय लोक करतात; त्यांवर माझा फारसा भरंवसा नाहीं. गाडी कोठारापासून दूर, मोकळ्या जागेंत ठेवणें, एक दिवसाआड सुरू करून फिरविणें, आणि खालच्या बाजूस बारीक तारेची जाळी बसविणें हे उपाय अधिक खात्रीचे. कुरतडलेली तार नुसती पिळून पट्टी गुंडाळूं नये. साध्या ऑक्सिजन सेन्सरचा दाब एका व्होल्टाच्याहि आंतला असतो, आणि सैल जोडणींत तो वाटेंतच हरवतो. डाग देऊन वर उष्णतेनें आवळणारी नळी चढवावी. तसेंच चिखलाच्या दिवसांत इंजिनावर जोराच्या पाण्याचा फवारा मारूं नये. जोडण्यांत पाणी शिरून नसलेले दोष उभे राहतात.

दुसरें कारण डिझेल गाड्यांचें. भारत स्टेज सहाच्या डिझेल गाडींत काजळी धरून ठेवणारी एक गाळणी असते. ती भरत आली म्हणजे सुमारें ६०० अंश उष्णता उत्पन्न करून गाडी ती काजळी स्वतःच जाळते. परंतु त्यासाठीं तिला रस्त्यावर एका दमांत वीस-एक मिनिटें बऱ्या वेगानें धांवावें लागतें. घरापासून मळा व मळ्यापासून डेअरी, अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत तें कधींच पुरें होत नाहीं. जळणें अर्धवट राहिलें कीं त्यासाठीं सोडलेलें जादा डिझेल कित्येक गाड्यांत इंजिनाच्या तेलांत उतरतें, आणि तेलाची पट्टी पाहिल्यास तेल घटण्याऐवजीं वाढलेलें दिसतें. वाढलेलें तेल पाहून आनंद मानूं नये. तें पातळ झालेलें असतें व बदलावें लागतें. ज्यांची गाडी बहुधा मळ्यावरच फिरते त्यांनीं आठवड्यांतून एकदां तिला मोठ्या रस्त्यावर अर्धा तास धांववावें. आणि नवी घ्यावयाची असल्यास डिझेल खरोखर हवें काय ह्याचा विचार करावा.

तिसरी गोष्ट युरियाची, आणि ती सांगितल्याविना राहवत नाहीं. कांहीं डिझेल गाड्यांत धुरांतील नायट्रोजनचीं ऑक्साइडें मोडण्यासाठीं डी.ई.एफ. नांवाचा द्रव वेगळ्या टाकींत भरावा लागतो. तो म्हणजे शुद्ध पाण्यांतील ३२.५ टक्के युरिया होय. हें कळल्यावर, ‘युरिया तर घरांतच आहे’ असा विचार मनांत येणें स्वाभाविक आहे, आणि कांहीं ठिकाणीं तसा उद्योग झालाहि आहे. पण खताचा युरिया २०१५ पासून सर्वच कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो. शिवाय त्यांत बाययुरेट व इतर अशुद्ध द्रव्यें असतात, आणि विहिरीच्या पाण्यांतील क्षार वेगळेच. ह्या सर्वांनीं द्रव फवारणारें बारीक तोंड तुंबतें, नळींतील महागडी जाळी निकामी होते, आणि दिवा लागतो तो साध्या दुरुस्तीनें विझत नाहीं. अनुदानाचें खत शेतीबाहेर वापरणें १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाविरुद्ध आहे, तें निराळेंच. हा द्रव संपूं दिल्यास इंजिनाची शक्ति कमी केली जाते, व कांहीं गाड्या एकदां बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाहींत. म्हणून हंगामांत एक सीलबंद डबा घरीं असावा.

शेवटीं जुनी गाडी घेणाऱ्यांसाठीं. पी.यू.सी. प्रमाणपत्र दाखविलें म्हणून निश्चिंत होऊं नये. त्या तपासणींत नळींतून निघणारा वायु किंवा धूर मुख्यतः मोजतात, संगणकाची स्मृति उघडून पाहत नाहींत. किल्ली फिरवावी, पण इंजिन सुरू करूं नये. ह्या अवस्थेंत पिवळा दिवा लागलाच पाहिजे, आणि इंजिन सुरू होतांच विझला पाहिजे. किल्ली फिरवूनहि तो लागत नसेल, तर तो काढलेला, झांकलेला किंवा तेलाच्या दिव्याच्या तारेस जोडून दिलेला असूं शकतो. दिवा योग्य वागला तरी वाचक-यंत्र लावावें आणि अंकांबरोबरच संगणकाच्या स्वतःच्या तपासण्या पुऱ्या झाल्या आहेत कीं नाहींत हें पाहावें. स्मृति पुसल्यानंतर ह्या तपासण्या नव्यानें पुऱ्या होण्यास थंड सुरुवात, शहरांतील संथ चाल, मोठ्या रस्त्यावरील सरळ धांव असें निरनिराळ्या प्रकारचें, बहुधा कांहीं दिवसांचें, चालणें लागतें. अंक एकहि नाहीं, पण बहुतेक तपासण्या अपुऱ्या दिसत असतील, तर विकणारानें किंवा त्याच्या मिस्त्रीनें गाडी दाखविण्यापूर्वीं स्मृति पुसलेली असण्याचा संभव फार. अशा वेळीं इसार देऊं नये. गाडी आठवडाभर वापरून पुन्हा दाखवा असें सांगावें, आणि दुसऱ्या वेळीं यंत्र बरोबर घेऊनच जावें.